बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा शोध: तारीखवार नोंदी

८ जानेवारी २०२४

हातात काय आहे ते आधी लिहून ठेवते. पणजोबा बसऱ्याला लढाईवर गेले ते परत आलेच नाहीत. पणजी मानमोडीत (१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत) गेली. आजोबा चुलत्याच्या हाताखाली वाढले. आप्पा (माझे वडील, वय ७८) आणि आत्या या तीन वाक्यांच्या पुढे जाऊ शकत नाहीत. पणजीचं नाव दोघांनाही माहीत नाही. १९६८ साली वाटणीच्या वेळी तयार केलेली वंशावळ घरात आहे. तिच्यात सतरा पुरुष आहेत, बाई एकही नाही.

गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. भावकीतल्या दोन घरांनी अजून होकार दिलेला नाही, म्हणून गावाचं किंवा कुणाचंच नाव इथे देणार नाही. पण खानापूर, तासगाव, वाळवा या पट्ट्यात पहिल्या महायुद्धात माणूस गेलेली घरं पुष्कळ आहेत. त्यांच्यातलं कुणी शोधायला बसलं तर माझे वाया गेलेले महिने त्यांचेही जाऊ नयेत, म्हणून चुकांसकट सगळं मांडते आहे.

पदक होतं. चांदीचं होतं आणि बहात्तरच्या दुष्काळात मोडलं. तुमच्या घरात असेल तर आधी त्याची कड बघा. कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. आमच्याकडे ती कड शिल्लक असती तर पुढचे तीन आठवडे वाचले असते.

गावात शाळेच्या भिंतीत संगमरवरी दगड आहे. या गावातून लढाईवर किती गेले आणि किती मेले ते त्यावर कोरलंय. तेवढेच दोन आकडे. नाव एकही नाही.

२१ जानेवारी

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन रात्री बसले. शोध फुकट आहे. हिंदी फौजेतल्या शिपायाच्या नोंदीत नाव, नंबर, पलटण, मृत्यूची तारीख आणि नशिबाने साथ दिली तर बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा मिळतो. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेलेले बहुतेक 'बसरा मेमोरियल' या स्मारकाखाली नोंदलेले आहेत.

पहिली रात्र 'सांगली' लिहून शोधण्यात गेली. काहीच येईना. येणार कसं? १९१६ साली सांगली जिल्हाच नव्हता. आमचा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. शोधायचं ते त्या वेळच्या जिल्ह्याच्या नावाने.

दुसरी अडचण स्पेलिंगची. भरतीच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलंय. विठोबाचा विठू होतो, व्हीच्या जागी डब्ल्यू येतो, गावाच्या नावातला 'ळ' कधी एल तर कधी आर होतो. आडनाव पुष्कळदा नसतंच. पूर्ण नाव टाकून शोधू नका. पहिली तीन-चार अक्षरं टाका आणि यादी डोळ्यांखालून घाला.

रात्री दीडला एक नोंद सापडली. नाव जुळलं, बापाचं नाव जुळलं, खाली 'खानापूर'. मी तेव्हाच आप्पांना उठवलं.

४ फेब्रुवारी

ती नोंद आपली नव्हती.

खानापूर बेळगाव जिल्ह्यातही आहे आणि तोही तालुकाच आहे. माझ्या नोंदीत खानापूरच्या पुढे 'बेळगाव' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. हवी ती तीन नावं दिसली आणि चौथं मी वाचलंच नाही. तोवर आप्पांनी भावकीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं आणि एका चुलतभावाने तो नंबर घालून फलकही छापायला दिला होता. सगळ्यांना परत फोन करावे लागले. फलकाचे ६५० रुपये मी दिले. पण त्यापेक्षा आप्पांचा चेहरा लक्षात राहिला. त्या दोन आठवड्यांत त्यांनी त्या परक्या शिपायाला आपला आजा मानलं होतं.

तेव्हापासूनचा माझा नियम: नाव, बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा या पाचांपैकी चार जुळल्याशिवाय घरात तोंड उघडायचं नाही.

पुन्हा बसले. या वेळी पलटणीवारी याद्या उतरवून घेतल्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी. चौथ्या रात्री ११०वी मराठा लाइट इन्फंट्री. नाव अर्धं, बापाचं नाव बरोबर, गावाच्या नावात दोन अक्षरं चुकलेली, तालुका खानापूर, जिल्हा सातारा. मृत्यू फेब्रुवारी १९१६.

११०वी तेव्हा सहाव्या पुणे डिव्हिजनमधून कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली होती. ७ डिसेंबर १९१५ ला पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. म्हणजे पणजोबा वेढ्यातच गेले. 'बसरा' म्हणजे ते जिथे बोटीतून उतरले ते बंदर. घरात तेवढंच नाव राहिलं.

पाचांपैकी चार जुळतात. तरी घरी सांगितलं नाही. गावाकडच्या कागदाचा दुजोरा हवा.

एक गोष्ट मात्र इथे लिहायलाच हवी. बसऱ्याच्या स्मारकाच्या भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली फक्त संख्या. कमिशनच्याच समितीने २०२१ च्या अहवालात ही असमान वागणूक मान्य केली. आमच्या शाळेच्या भिंतीतल्या दगडावरही आकडेच आहेत, हे मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं. लहानपणी त्याच दगडाला पाठ टेकून आम्ही डबे खायचो.

२६ फेब्रुवारी

पुण्याहून पहाटेची एसटी धरून विट्याला गेले. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज दिला. सोबत आजचा सातबारा होता.

'सर्व्हे नंबर?'

'गट नंबर आहे की.'

'गट नंबर परवाचा हो, ताई. तुम्हाला १९१६ बघायचंय ना?'

खरं होतं. एकत्रीकरण योजना झाली तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्याआधीचे सगळे कागद सर्व्हे नंबरावर लावलेले असतात. जुना नंबर कळण्यासाठी भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा काढावा लागतो. तो अर्ज त्याच दिवशी टाकला, पण उतारा हातात यायला सतरा दिवस लागले. आधी तो काढून मग तहसीलला गेले असते तर एक खेप वाचली असती.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासाचा भार फारसा झाला नाही. खरा खर्च रजांचा. आतापर्यंत तीन गेल्या.

२७ फेब्रुवारी

सर्व्हे नंबराविना एकच गोष्ट बघता येत होती, ती म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूचं रजिस्टर. १९१८ चं मागितलं.

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. मुंबईत ती जूनमध्ये आली. पण मुंबई इलाख्यात सगळ्यांत जास्त माणसं सप्टेंबर-ऑक्टोबरात, दुसऱ्या लाटेत गेली. म्हणून थेट ऑक्टोबर उघडला. सप्टेंबरपर्यंत गावात महिन्याला दोन-तीन नावं, अक्षर सुटसुटीत. ऑक्टोबरात तोच हात घाईला आलेला दिसतो. ओळी जवळजवळ येतात, शाई पातळ होते, मरणाच्या कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'ताप' आणि खाली पानभर नुसत्या 'किता'च्या (म्हणजे 'वरीलप्रमाणे'च्या) खुणा. एका ओळीत नाव नाहीच, 'परगावची म्हातारी' एवढंच. हे पान बालबोधात (देवनागरीत) होतं, त्यामुळे मला वाचता आलं आणि ते वाचताना हात गार पडले.

पणजोबांची बायको त्यात नव्हती. अशा धांदलीत नोंद राहून गेली असेल असं मनाशी ठरवून मी रजिस्टर मिटलं. ही या कामातली माझी सगळ्यांत मोठी चूक. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

१८ मार्च

उतारा मिळाला, सर्व्हे नंबर दोन. पण परवा लोकसभेची आचारसंहिता लागली आणि तहसीलचे निम्मे लोक निवडणुकीच्या कामाला लागले. आमच्याकडे मतदान ७ मेला आहे. तुम्हीही असं काम काढाल तर निवडणुका, मार्चअखेर आणि पेरणीच्या तोंडची दाखल्यांची गर्दी आधी बघून घ्या.

२ एप्रिल

रिकाम्या वेळात गावाकडच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली. आत सोसायटीच्या पावत्या, देवस्थानच्या वर्गणीचे कागद आणि तळाशी चार घड्यांचा एक मोडी कागद. घडीवर झिजलेला, पण फाटलेला नव्हता.

मला मोडी येत नाही. ओळखीतून एक वाचणारे मिळाले. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या तपासणीमुळे मोडी वाचणाऱ्यांना उसंत नाही, त्यामुळे त्यांनी घाईत का होईना वाचून दिलं याचंच मला अप्रूप वाटलं. ३०० रुपये दिले. त्यांनी सारांश लिहून दिला: गहाणखत, रक्कम ८५ रुपये, बैलासाठी आणि बियाण्यासाठी, लिहून देणार अमुक बिन तमुक (तमुक म्हणजे आमचे पणजोबा), वय ३०.

'बिन' म्हणजे मुलगा. म्हणजे आजोबांना एक थोरला भाऊ होता! तीन अक्षरांचं, ऊकाराने संपणारं नाव, शेवट म्हादू किंवा बापूसारखा. वंशावळीत हा माणूस कुठेच नाही. आप्पांनी कधी ऐकलेलं नाही. आत्या म्हणाली, 'मुंबईला गेला असंल. तवा सगळी गिरणीतच जायची.'

२० मे

पाच आठवडे आणि २,८०० रुपये त्या थोरल्या भावामागे गेले.

आमच्या गावच्या मंडळाची लालबागला खोली आहे. तिथल्या जुन्या वर्गणीच्या वह्या चाळल्या. ज्या गिरण्यांत गावचे लोक होते त्या बंद होऊन जमाना झाला, कुणाचं हजेरीबुक कुठे गेलं ते सांगणारा माणूस उरलेला नाही. जनगणनेचा विचार केला होता, पण घरोघरच्या याद्या आपल्याकडे बघायला मिळत नाहीत, छापलेत ते नुसते गोषवारे. मंडळाच्या एका वहीत त्या नावाचा माणूस सापडला आणि तो दुसऱ्याच आडनावाचा निघाला.

थांबायला हवं होतं ते २ एप्रिललाच. कागदावर वय ३० होतं. आजोबा १९१३ चे. कागद त्या सुमाराचा धरला तर दोन भावांत तीस वर्षांचं अंतर पडतं. आकडा माझ्यासमोर लिहिलेला होता आणि मी साधी वजाबाकी केली नाही.

१६ जून

कागद दुसऱ्या वाचणाऱ्या बाईंकडे नेला. निवृत्त शिक्षिका. त्यांनी सारांश द्यायला साफ नकार दिला. म्हणाल्या, 'ओळीला ओळ लिप्यंतर करू. सारांशात वाचणाऱ्याचा अंदाज मिसळतो.' दोन तास लागले. पैसे घेतले नाहीत.

मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातात. शब्द तोडलेले नसतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. आणि सारखे येणारे शब्द आखडून लिहितात: मौजेचं 'मौ', बिनचं 'बि', कोमचं 'को'. बाईंनी भिंग धरलं आणि बोट ठेवलं.

'हे बि नाही. को आहे.'

कोम म्हणजे बायको.

आजोबांना भाऊ नव्हताच. पणजोबांची बायको होती ती. येसू, भागू, साळू अशी बायकांचीही ऊकारान्ती नावं असतात, हे मला कळायला हवं होतं. अडीच महिने आम्ही पणजीला पुरुष समजून मुंबईभर शोधत होतो.

मग त्यांनी कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे करंगळीच्या नखाएवढं एक वर्तुळ आहे. मी तो शाईचा डाग समजले होते. नीट बघितलं तर वर्तुळ एका दमात काढलेलं नाही. हात दोनदा थांबलाय आणि जिथे टोकं जुळायला हवीत तिथे एक रेघ दुसरीच्या पुढे गेली आहे. शेजारी मोडीत दोन शब्द: निशाणी बांगडी. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढायचा, बाई बांगडी काढायची. ही तिच्या हातची आहे. आमच्या घरात तिचा फोटो नाही, वस्तू नाही, नावसुद्धा नव्हतं. ही वेडीवाकडी बांगडी तेवढी आहे.

सालाचा प्रश्न होता. शकाचा तिसरा आकडा घडीत गेलेला, '१८-५' एवढंच दिसतं. पण पुढे 'रुधिरोद्गारीनाम संवत्सरे' शाबूत आहे. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं असतं, त्यामुळे १८०५, १८१५, १८२५ अशा सगळ्या शकांपैकी रुधिरोद्गारी फक्त १८४५ ला येतो. शकात ७८ मिळवायचे: १९२३. (जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९.) पुसलेल्या आकड्यासाठी ही युक्ती फार कामाची आहे. पंचांगातली संवत्सरांची यादी जवळ ठेवा.

म्हणजे मानमोडीनंतर पाच वर्षांनी पणजी जिवंत होती आणि बैलासाठी स्वतःच्या निशाणीवर कर्ज काढत होती.

निघताना बाईंनी कागद उलटा केला. मागे दोन ओळी, दुसऱ्या हातच्या: रुपये व्याजासह फिटले, कागद परत दिला. पहिल्या वाचणाऱ्यांनी पान उलटलं नव्हतं. मीही नाही.

८ जुलै

पुन्हा विटा. आता दोन्ही सर्व्हे नंबर हातात होते आणि पणजीचं नावही होतं. हक्कनोंद आणि जुने फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी), म्हणजे गाव नमुना ६, मागितले.

फेरफार कसा शोधायचा ते सांगते. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडा असतो, तो फेरफार नंबर. ज्याचं नाव कमी झालं त्याला कंस घातलेला असतो. कंसातल्या नावाचा नंबर धरून मागे जायचं, तिथे पुन्हा कंसातलं नाव, पुन्हा मागे. मी सहा पायऱ्या उतरले. पानं मोडीत होती. शिक्षिकाबाई सोबत आल्या होत्या, एसटीचं तिकीटसुद्धा त्यांनी मला काढू दिलं नाही.

पहिला फेरफार १९१७ चा. खातेदार मयत, 'लढाईत'. हा एक शब्द मला हवा होता. जमीन धाकट्या भावाच्या नावावर, ए.कु.मॅ. म्हणून. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. इथवर घरातली गोष्ट बरोबर आहे: चुलत्याच्या हाताखाली.

दुसरा १९२० चा. वाटणी. एक सर्व्हे नंबर मुलाच्या नावे, 'अज्ञान, अ.पा.क. आई' आणि पुढे तीच तीन अक्षरं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अज्ञान म्हणजे वयात न आलेला. शेऱ्यात अधिकाऱ्याच्या हातचं: बाई समक्ष हजर.

वाटणी सहज झाली की भांडून, ते या कागदातून कळत नाही. पण नोंद तपासायला साहेब आला तेव्हा पणजी तिथे उभी होती, एवढं नक्की. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, पदरात सात वर्षांचा मुलगा.

तिसरा १९३१ चा, चार ओळींचा: अज्ञान सज्ञान झाला, पालनकर्तीचे नाव कमी. तिच्या नावाला कंस.

त्या संध्याकाळी स्टँडवरूनच आप्पांना फोन केला. पाचांपैकी चार आणि 'लढाईत'. आता सांगायला हरकत नव्हती. पलटण सांगितली, तारीख सांगितली. ते गप्प होते. मग म्हणाले, 'आन् आजीचं नाव काय म्हणालीस? परत सांग.'

९ जुलै

मुक्काम वाढवला आणि गाव नमुना १४ पुन्हा काढायला लावला. ती १९१८ साली गेली नसेल तर 'मानमोडीत गेली' ही गोष्ट आली कुठून?

फेब्रुवारीत मी मोठ्या बाईचं नाव शोधत पानावरून बोट फिरवलं होतं. या वेळी प्रत्येक ओळ वाचली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पानावर, खालून चौथी: मुलगी, वय ४, बापाचं नाव आमच्या पणजोबांचं, पुढे 'मयत'. कारणाच्या रकान्यात कित्याची खूण.

आजोबांना धाकटी बहीण होती. बाप बोटीत बसला तेव्हा जेमतेम अंगावर पिणारी असेल. घरातून मानमोडीत खरंच एक बाई गेली होती, पण ती चार वर्षांची होती. सांगणाऱ्यांच्या तोंडी कधीतरी लेकीचं मरण आईला चिकटलं आणि दोघीही विसरल्या गेल्या.

फेब्रुवारीत ही ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती. मी वाचली नाही, कारण मी ती शोधत नव्हते.

मग १९२३ पासून पुढची रजिस्टरं वर्षावर्षाने बघितली. दोन वर्षांची पानं वाळवीने खाल्लेली. पणजीची नोंद १९४१ च्या मार्चमध्ये: वय अंदाजे ५०. नकलांसाठी अर्ज टाकला.

५ ऑगस्ट

गावच्या शाळेत आजोबांचं जनरल रजिस्टर बघितलं. जन्मतारीख १ जून १९१३. आपल्याकडच्या पुष्कळ म्हाताऱ्यांचा जन्म १ जूनचाच असतो, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि गुरुजी नाव घालताना तीच तारीख टाकायचे. साल जवळपासचं धरा, दिवस धरू नका.

मी आले होते पालकाच्या रकान्यासाठी. तिथे चुलत्याचं नाव अपेक्षित होतं. लिहिलंय 'मामा', आणि गाव आटपाडीकडचं. पणजीचं माहेर! शाळेच्या रजिस्टरातला पालकाचा रकाना कधी सोडू नका. बाईच्या माहेराचा पत्ता सरकारी कागदात क्वचित सापडतो, आमच्याकडे तो इथेच सापडला.

मुख्याध्यापकांनी रजिस्टर उघडं ठेवून फोटो काढू दिले. दगडाविषयी बोललो. त्यावर तीन थर ऑइलपेंट चढलाय. खरवडू नका अशी विनंती केली. कोरीव अक्षर एकदा गेलं की गेलं.

२२ सप्टेंबर

तिच्या माहेरच्या गावी जाऊन आलो. आप्पा हट्टाने सोबत आले. गुडघे दुखत असूनही वाड्याच्या पायऱ्या चढले.

मामाच्या पणतवंडांचं घर सापडलं. हेळवी (घरोघर वंशावळ सांगत फिरणारा) येऊन वाचून जातो ती वंशावळ त्यांना तोंडपाठ आहे, पण तिच्यात लेकींची नावं नाहीत. तरी त्यांच्यातल्या नव्वदीच्या आजींना ऐकून माहीत होतं: 'लढाईवाल्याला दिलेली आत्या. मागारणीला आली की पोराला काखंतनं खाली ठिवायची न्हाई.' नाव विचारलं तर त्यांनी वेगळंच सांगितलं. आम्ही आणलेलं नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

मी गोंधळले. पुन्हा बेळगावचं खानापूर झालं की काय! मग आजीच म्हणाल्या, 'त्ये सासरचं आसंल.' लग्नात नाव बदललेलं. सासरच्या कागदात एक नाव, माहेरच्या तोंडात दुसरं. तुम्ही पणजीला शोधत असाल तर हे धरूनच चाला: नाव जुळलं नाही म्हणून माणूस वेगळा ठरत नाही. मामाचं नाव, गाव, लढाईवर गेलेला नवरा आणि एकुलता मुलगा, एवढं जुळलं तेव्हा मी मान्य केलं.

आप्पा त्या आजींच्या शेजारी बसून राहिले. दोघांचं नातं काय लागतं ते मोजायला आम्हाला अर्धा तास लागला.

७ ऑक्टोबर

नकला आल्या. एकूण खर्च ९,४०० रुपये. त्यातले साधारण साडेतीन हजार लालबागच्या चुकीचे आणि फलकाचे. रजा अकरा.

१९६८ ची वंशावळ नव्या कागदावर उतरवली. पणजोबांच्या शेजारी पणजीची दोन्ही नावं, खाली आजोबा आणि त्यांच्या शेजारी चार वर्षांची बहीण. तिचं नाव रजिस्टरात आहे, तेही लिहिलं. बांगडीचा फोटो मोठा करून आप्पांनी देवघराच्या भिंतीला लावलाय.

होकार न दिलेल्या दोन घरांपैकी एक त्या धाकट्या चुलत्याचं आहे. वाटणीचा फेरफार बघून ते नाराज होतील अशी भीती होती. काल त्यांच्या सुनेने फोन करून विचारलं, आमच्याकडच्या पणजीचं नावसुद्धा असं काढता येईल का? पुढच्या खेपेला त्यांचा सर्व्हे नंबर घेऊन जाणार आहे.

पणजीचं माहेर आटपाडी महालात, म्हणजे १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत औंध संस्थानात होतं. तिथल्या संस्थानी काळातल्या जन्मनोंदींसाठी साधारण १८९० ते १८९५ असं साल धरून अर्ज केला आहे. अर्जात मुलीच्या नावापुढे माहेरचं नाव लिहिलं. बापाच्या नावासाठी आजींना परत फोन करावा लागला.